तळापर्यंत

सापारअलीच्या धाकट्या मुलाच्या लग्नात तमादा शायलोबेकची जीभ घसरली, तेव्हा सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

हॉलचा दोष नव्हता. तमादा म्हणजे मेजवानीचा कारभारी. कोणी कधी उठायचं, किती बोलायचं, किती प्यायचं, नवरीच्या मावशीच्या हातात माईक कधी द्यायचा आणि तो परत कसा काढून घ्यायचा, हे सगळं तो ठरवतो. कारा-तोर गावात आणि आसपासच्या खोऱ्यात हे काम वर्षानुवर्षं शायलोबेकच करत आला होता. लग्न, बारसं, साठी, शाळेचा वर्धापनदिन, खत कारखान्याचं बंद पडणं, काहीही असो, माईक त्याच्याच हातात. तो जन्मला त्या दिवशी सोव्हिएत निवडणूक होती. वडिलांनी एकुलत्या एका उमेदवाराला मत दिलं आणि घरी येऊन मुलाचं नाव शायलो ठेवलं, म्हणजे निवडणूक. ‘मी बिनविरोध आलेला माणूस आहे,’ असं तो प्रत्येक मेजवानीत सांगायचा, आणि लोक प्रत्येक मेजवानीत हसायचे.

त्याचा दुसरा हुकमी माल एका शब्दाचा होता. शुभेच्छांचं भाषण संपलं की तो पेला डोळ्यांसमोर धरायचा, सगळ्यांवरून नजर फिरवायचा आणि म्हणायचा, ‘तळापर्यंत.’ मग तळापर्यंतच. ज्याच्या पेल्यात घोटभर उरायची, त्याला हा गोड आवाजात विचारायचा, ‘नवरीत काही कमी दिसली का, पाहुणे?’ पाहुण्याला पेला रिकामा करावाच लागे. शायलोबेक स्वतः सगळ्यांच्या आधी करायचा. त्याच्यासमोर त्याची वेगळी बाटली असे, आणि ती संपली तरी शेवटच्या आशीर्वादापर्यंत तो ताठ उभा राही. असा घशाचा माणूस खोऱ्यात दुसरा नाही, हे सगळ्यांना मान्य होतं.

तर त्या दिवशी त्याने पेला उचलला आणि म्हणाला, ‘या दोघांसाठी मी एवढंच मागतो, की यांच्या घरात कायम...’

पुढचा शब्द ‘सुख’ होता. हजारदा उच्चारलेला. पण दात काढल्यावर जीभ जशी मोकळ्या खड्ड्यात जाते, तशी त्याची जीभ त्या शब्दाच्या जागी गेली आणि तिथे काहीच नव्हतं. ‘सु... सुळ...’ असं काहीतरी बाहेर पडलं. जीभ ओल्या लोकरी नमद्यासारखी जड झाली. उजव्या हातातला पेला आपण धरलाय की नाही हे कळेना, आणि तेवढ्यात तो नवऱ्याच्या आईच्या मखमली झग्यावर सांडून खाली गेला. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला.

मग सापारअली खुर्चीवरून उठला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, ‘पडला रे. माझ्या व्होडकाने शायलोबेकला पाडलं.’

टाळ्या झाल्या त्या यासाठी. लोकांनी फोन काढले. कोणीतरी सापारअलीला उचलून घेतलं. आजवर जे कुणाच्या दारूला जमलं नाही ते याच्या दारूला जमलं होतं, आणि घराण्याची इज्जत एका रात्रीत जिल्हाभर जाणार होती.

शायलोबेकच्या बाटलीत पाणी होतं, हे हॉलमध्ये एकालाच ठाऊक होतं. आणि त्याला त्या वेळी बोलता येत नव्हतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच्या पोटात रक्तस्राव झाला होता. राजधानीतल्या सर्जनने पोट शिवलं आणि सांगितलं, पुढचा पेला शेवटचा असेल. शायलोबेक घरी आला, आठवडाभर छताकडे बघत पडून राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की न पिणारा तमादा म्हणजे चव न घेणारा आचारी. त्याला कोण बोलावणार? शिवाय इथे यजमानाने भरलेला पेला नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. तेव्हापासून त्याची बायको बुरुल पाणी उकळून, गार करून रिकाम्या बाटलीत भरायची आणि झाकण असं घट्ट बसवायची की उघडताना नव्या बाटलीसारखा कट् आवाज यावा. त्या बाटलीच्या जोरावर त्याने निम्मं खोरं तळापर्यंत पाजलं. त्यातले काहीजण आता नव्हते. त्यांच्या श्राद्धाच्या जेवणालाही तमादा तोच होता.

मटणाचं सूप येईपर्यंत जीभ जागेवर आली. हाताला बळ आलं. तो उठला, माईक घेतला आणि म्हणाला, ‘मी परत आलोय. आता तुमची पाळी.’ हॉल पुन्हा कोसळला. पण त्या रात्री जेवताना त्याने उजव्या हाताने एकही घास घेतला नाही. हात चालत होता. त्याच्यावरचा विश्वास उडाला होता.

घरी आल्यावर त्याने बुरुलला सगळं सांगितलं. तिने आधी प्रेशर मोजलं. कारा-तोरमध्ये माणसाला दोनच आजार होतात, प्रेशर आणि वारा. प्रेशर असलं तर गोळी, वारा लागला असला तर गरम मिठाची पुरचुंडी. दोन्ही नसलं तर नजर.

‘प्रेशर जरासं आहे,’ बुरुल म्हणाली. ‘पण हा वारा आहे. घामेजलेल्या अंगाने दारात उभे राहिला असाल. गालाला लावते मीठ, झोपा.’

‘बायबिचे, वारा लागल्यावर माणूस शब्द विसरतो का?’

‘तुम्ही काय काय विसरता, म्हातारबा. मागच्या महिन्यात माझ्या बहिणीचा वाढदिवस विसरलात. तेव्हा कुठे वारा होता?’

‘बुरुल,’ तो म्हणाला. एरवी तो तिला ‘बायबिचे’, म्हणजे घरधनीण, म्हणायचा; नावाने हाक आली तशी तिने पुरचुंडी खाली ठेवली. ‘हे माझंच गाणं आहे.’

गाणं म्हणजे असं. मागच्या शरद ऋतूत जिल्हा आरोग्य खात्याने संस्कृती भवनात पक्षाघाताविषयी जनजागृतीचा कार्यक्रम ठेवला होता. राजधानीहून एक बाई व्याख्यान द्यायला आल्या होत्या. व्याख्यान कोणी ऐकत नाही म्हणून खात्याने तमादा लावला, आणि शायलोबेकने बाईंच्या कागदावरून ऐन वेळी दोन यमकी ओळी जुळवल्या:

तोंड वाकडं, हात पांगळा, बोल झाला बोबडा,
ताट सोडा, पेला सोडा, दवाखान्याकडे घोडा सोडा.

लोकांनी ते तीनदा म्हणायला लावलं. शाळेतली पोरं रस्त्यात म्हणू लागली. मग मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आरोग्यासाठी सगळ्यांनी एक पेला घेतला, तळापर्यंत.

पण बाईंच्या कागदावर आणखी एक ओळ होती. ही लक्षणं कधी कधी थोड्याच वेळात आपोआप जातात. गेली म्हणून बरं वाटून घेऊ नका. ही पुढच्या मोठ्या झटक्याची वर्दी असते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तपासण्या करा, कारण वाचवायची वेळ तीच. ही ओळ यमकात बसेना. शायलोबेकने ती गाळली. त्यामुळे आख्ख्या खोऱ्यात ती ओळ माहीत असलेला माणूसही एकटा तोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पॉलिक्लिनिकमध्ये गेली. रांगेतले लोक उठून उभे राहिले. एका म्हाताऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. ‘बायके’ म्हणजे दादा, मोठ्या माणसाला मानाने मारायची हाक.

‘पडलात म्हणे, बायके. कुठली होती?’

‘कारखान्याची नव्हती,’ दुसरा म्हणाला. ‘कारखान्याचीने हे पडतात होय? सापारअलीने सीमेपलीकडून आणली असणार.’

‘तोंड वाकडं झालेलं व्हिडिओत बघितलं. सून तर हसून हसून रडली आमची.’

शायलोबेकने मान तुकवली. इथे मान स्वीकारणं हा त्याचा धंदाच होता.

मज्जातंतूंचे डॉक्टर तालायबेक चाळिशीचे, गुबगुबीत, प्रेमळ गृहस्थ. तेही लग्नात होते, तिसऱ्या टेबलावर. त्यांचा चेहरा अजून सुजलेला होता.

‘या बायके. काल मजा आणलीत.’

‘डॉक्टर, काल मला झटका आला होता. लहान. मोठा मागून येतोय.’

डॉक्टर हसले. मग त्याच्याकडे बघून हसायचे थांबले, आणि कामाला लागले. हसून दाखवा म्हणाले. हसून दाखवलं, दोन्ही बाजू सारख्या. हात पुढे करून डोळे मिटा. मिटले, दोन्ही हात सारखे. माझ्यामागून एक वाक्य म्हणा. त्याने त्याच वाक्याचं लांबलचक भाषण करून दाखवलं.

‘घोड्यासारखे आहात,’ डॉक्टर म्हणाले.

‘आता आहे. तेव्हा नव्हतो. हे येतं आणि जातं, तोच तर आजार आहे.’

‘बायके, येतं आणि जातं ते दारूचंही असतं.’

बुरुलने खुर्ची पुढे ओढली. ‘डॉक्टरसाहेब, हे पीत नाहीत.’

‘एजे,’ डॉक्टर थोरल्या बहिणीला म्हणावं तसं हळुवारपणे म्हणाले, ‘या खुर्चीत बसून हे वाक्य या जिल्ह्यातली प्रत्येक बायको म्हणते.’

शायलोबेकने दार लागलंय का ते बघितलं. मग त्याने ते सांगितलं जे त्याने मुलांनाही सांगितलं नव्हतं. बाटलीत पाणी असतं. उकळलेलं. कितीतरी वर्षं झाली.

डॉक्टर तालायबेकनी हातातलं पेन खाली ठेवलं. चेहऱ्यावरून कळत होतं की ते मनातल्या मनात जुन्या मेजवान्या चाळत होते.

‘माझ्या भावाच्या लग्नात?’ त्यांनी शेवटी विचारलं.

‘पाणी.’

‘आपण हातात हात अडकवून प्यालो होतो. भाऊ-भाऊ म्हणून. तुम्ही म्हणालात, तळापर्यंत. मी नंतर दोन दिवस बाथरूममध्ये होतो.’

‘माफी मागतो, बाळा. पाणी होतं.’

‘आणि माझ्या वडिलांच्या साठीला?’

‘तिथेही पाणीच,’ शायलोबेक जमिनीकडे बघत म्हणाला.

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. परत आले तेव्हा त्यांचा निर्णय झाला होता. त्यांच्यासमोर दोन शायलोबेक होते. एक दारूत पडलेला आणि आता लाजेने खोटं बोलणारा. दुसरा वर्षानुवर्षं सगळ्या खोऱ्याला पाजून स्वतः कोरडा राहिलेला. पहिल्याला ते माफ करू शकत होते.

‘कसं असतं बायके,’ ते म्हणाले, ‘रात्रीचं माणसाला नीट आठवत नाही. मी तुम्हाला सलाइन लावायला सांगतो. रक्तवाहिन्या धुऊन निघतील. आणि काही दिवस जरा बेताने घ्या.’

‘काय बेताने घेऊ? पाणी?’

‘तुम्ही विनोदी माणूस आहात,’ डॉक्टर म्हणाले. ते हसले नाहीत.

बाहेर पडल्यावर बुरुल म्हणाली, ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्यांच्या वडिलांपर्यंत जायला? नुसतं काल पाणी होतं म्हणायचं. कालपुरतं.’

‘डॉक्टरशी खोटं बोलू नये म्हणतात.’

‘इतकी वर्षं बोललात ना. एक दिवस आणखी.’

राजधानीला जावं तर घाट बंद होता. वसंतात बर्फ घसरून रस्ता गाडला जायचा, आणि साफ करणारं यंत्र घाटाच्या पलीकडच्या बाजूला असल्यामुळे ते नेहमी पलीकडूनच सुरुवात करायचं. रस्ता उघडेल तेव्हा उघडेल, असं रेडिओ सांगायचा.

दुसरा झटका घरीच आला, सकाळच्या चहाला. शायलोबेकने ब्रेडवर लोणी लावायला सुरी घेतली आणि सुरी गळून पडली. तो बुरुलकडे बघून म्हणाला, ‘घोडा दे.’ त्याला सुरी म्हणायचं होतं. स्वतःच्या तोंडून घोडा बाहेर पडलेला त्याने ऐकला, आणि त्याच्या डोळ्यांत अशी भीती आली की बुरुल चहा तसाच टाकून उठली.

पण ती डोक्याची बाई होती. डॉक्टरला दाखवायला पुरावा पाहिजे, हे तिला तत्काळ सुचलं. ती फोन शोधायला धावली. फोन उशीखाली होता. चष्मा फोनजवळ नव्हता. चष्मा सापडला तेव्हा फोनने जागा भरली आहे, काही फोटो काढून टाका, असं सांगितलं. तिने नातवाचे फोटो काढून टाकायला नकार देऊन बहिणीचे काढले. मग कॅमेरा सुरू झाला.

त्या व्हिडिओत कुरळ्या केसांचा एक धडधाकट माणूस, सदऱ्यावर लोणी सांडलेलं, कॅमेऱ्याकडे बघून स्वच्छ शब्दांत म्हणतो, ‘गेलं. तू काय करत होतीस एवढा वेळ?’

तरी नवऱ्याला बरोबर घेऊन जाऊन तिने तो डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी दोनदा पाहिला.

‘लोणी जास्त खातात,’ ते म्हणाले.

‘डॉक्टरसाहेब, ते सुरीला घोडा म्हणाले.’

‘एजे, ते कवी माणूस आहेत.’

बुरुल उठली नाही. शायलोबेकला धीर देऊन ती थकली होती, डॉक्टरांची समजूत घालायचं बळ तिच्यात नव्हतं, म्हणून ती फक्त बसून राहिली. पाच-सहा पेशंट तिच्या बाजूला येऊन गेले. शेवटी डॉक्टर तालायबेक, जे मुळात वाईट नव्हते, म्हणाले, ‘ठीक आहे. मेंदूचा फोटो काढू. मानेच्या रक्तवाहिन्याही बघू. मशीन आलंय.’

मशीन खरोखरच आलं होतं. कुठल्यातरी दूरच्या देशाने भेट दिलेलं, पांढरं, भल्यामोठ्या जात्याच्या दगडासारखं मधे भोक असलेलं. हिवाळ्यापूर्वीच रुग्णालयाच्या तळमजल्यावर बसवलं होतं. त्याला लाल रिबन बांधलेली होती. रिबन कापायला राजधानीहून मोठे पाहुणे यायचे होते, आणि रिबन कापल्याशिवाय मशीन चालवणं हा पाहुण्यांचा अपमान होता.

‘रिबनखालून आत सरकवा ना मला,’ शायलोबेक म्हणाला. ‘मी बारीक आहे.’

‘बायके, पाहुणे हेलिकॉप्टरने येतायत, घाट बंद असला तरी. याच आठवड्यात. रिबन कापली की पहिले पेशंट तुम्ही. पाहुण्यांसमोर. टीव्हीवरसुद्धा येईल.’ मग डॉक्टरांनी खाकरून आवाज बदलला. ‘आणि असं आहे, की कार्यक्रमाचे तमादाही तुम्हीच आहात. आरोग्य खात्याने तुमचं नाव आधीच कळवलंय. ते गाणं म्हणायचं तुमचं. पाहुण्यांना फार आवडलंय म्हणे.’

शायलोबेकने विचार केला. मशीन समोर, डॉक्टर समोर, पहिला नंबर. आजवर कोणत्याही तमादाला मानधन म्हणून स्वतःच्या मेंदूचा फोटो मिळाला नव्हता. त्याने होकार दिला. मग तो घरी जाऊन उरलेले दिवस जपून बसला, कडेपर्यंत भरलेला पेला गर्दीतून न्यावा तसा. जोरात हसेना. वाकेना. नातवाला उचलेना. रोज सकाळी आरशासमोर उभा राहून हसायचा, दोन्ही हात पुढे करायचा आणि म्हणायचा, ‘सुख. सुरी. बुरुल.’

‘माझं नाव शेवटी का?’ बुरुलने विचारलं.

‘सगळ्यात अवघड ते शेवटी.’

ती हसली, आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन होतं. मशीनच्या खोलीत सगळे मावणार नव्हते, म्हणून रुग्णालयाच्या अंगणात मंच केला आणि मशीनची रिबन एका लांब दोरीने जोडून खिडकीतून बाहेर आणली, म्हणजे पाहुण्यांना उन्हात उभं राहून कापता यावी. हेलिकॉप्टर फुटबॉलच्या मैदानावर उतरलं. बाजूला पांढरा तंबू, त्यात जेवणाची तयारी, पाहुण्यांसाठी मेंढीचं डोकं शिजत ठेवलेलं. पाहुणे बोलले, आरोग्य खातं बोललं, मशीन देणाऱ्या देशाच्या वतीने कोणी आलं नव्हतं म्हणून त्यांच्या वतीनेही आरोग्य खातंच बोललं. शायलोबेकने हे सगळं एकमेकांना असं शिवलं की पाहुणे दोनदा मनापासून हसले. बुरुल तिसऱ्या रांगेत होती. तिच्या पिशवीत त्याचे रात्रीचे कपडे आणि चपला होत्या, भरती करून घेतलं तर असाव्यात म्हणून.

‘आणि आता,’ आरोग्य खातं म्हणालं, ‘ते गाणं.’

शायलोबेक पुढे आला. ती गाळलेली ओळ आज जोडायचीच, असं त्याने घरी ठरवलं होतं. यमक नसलं तर नसलं. त्याने माईक धरला.

‘तोंड वाकडं,’ तो म्हणाला, आणि तोंड वाकडं झालं.

लोक हसले.

‘हात पां...’ उजवा हात खांद्यापासून सुटल्यासारखा खाली आला. माईक मंचावर आपटून किंचाळला.

हशा वाढला. पोरं पुढे सरकली. शायलोबेकने तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं, हे खरं आहे. बाहेर पडला तो मेंढरासारखा एक लांब आवाज.

‘बोल झाला बोबडा,’ जमावाने एका सुरात गाणं पुरं केलं. ‘ताट सोडा, पेला सोडा...’

पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. ‘काय कलावंत आहे,’ ते आरोग्य खात्याला म्हणाले. ‘अगदी हुबेहूब.’ डॉक्टर तालायबेकही टाळ्या वाजवत होते. आपल्या भावाच्या लग्नातली गोष्ट त्यांनी या क्षणी जवळजवळ माफ केली होती. शायलोबेक मंचावरच्या खुर्चीत बसला, म्हणजे एका बाजूने ओघळला, आणि खुर्ची होती म्हणून तिथे थांबला. टाळ्यांच्या जोरात पाहुण्यांनी रिबन कापली.

बुरुल उठली तशी मागून कोणीतरी म्हणालं, ‘एजे, खाली बसा ना, व्हिडिओ काढतोय.’

ती रांगा ओलांडून मंचापर्यंत आली तोवर सगळे तंबूकडे निघाले होते. तिने नवऱ्याचं तोंड हातात घेतलं. ते आरशातल्यासारखं सरळ होण्याची तिने वाट बघितली. या वेळी ते झालं नाही.

तंबूत पाहुण्यांपुढे डोकं ठेवलं होतं. पाहुण्याने डोक्याचा पहिला तुकडा कापून मानाचे वाटे द्यायला घेतले की आशीर्वाद होईपर्यंत कोणी उठत नाही. उठणं म्हणजे यजमानाच्या घरात मढं पडो म्हणणं. बुरुल दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, त्यांना आलाय.’

पाहुण्यांनी नुकताच कान कापून डॉक्टर तालायबेकच्या हातावर ठेवला होता. वयाने लहान पण मानाचे, म्हणून.

‘येतो, एजे,’ डॉक्टर कुजबुजले. ‘आशीर्वाद होऊ द्या. त्यांना म्हणावं फार छान केलं.’

‘ते करत नव्हते.’

‘एजे, बसा. उभं राहू नका, बरं दिसत नाही.’

ती बसली नाही. पण दारात उभ्या बाईमुळे डोकं वाटायचं थांबत नाही. डोळे, टाळू, जीभ. जीभ आरोग्य खात्याच्या वाट्याला आली. मग भात, मग चहा, मग पाहुण्यांनी दोन्ही तळवे पसरून जिल्ह्याच्या दीर्घायुष्यासाठी मागणं मागितलं, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि वैमानिक म्हणाला वारा सुटतोय, निघायला हवं. हेलिकॉप्टर घाटावरून पलीकडे गेलं. पाहुण्यांबरोबर नमद्याचा एक मोठा गालिचाही गेला. तो मागच्या सीटवर आडवा ठेवला होता, जिथे माणूसही आडवा मावला असता.

शायलोबेकला तळमजल्यावर नेलं. मशीनसमोर कापलेली रिबन पडली होती. मशीन चालवायला शिकायला गेलेला तंत्रज्ञ राजधानीत होता, घाटाच्या पलीकडे. कोणीतरी बटण दाबून बघितलं. एक हिरवा दिवा लागला आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं.

डॉक्टर तालायबेक त्याच्यावर वाकले. हसून दाखवा म्हणाले. हात पुढे करा म्हणाले. मग सरळ झाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्थिर होता.

‘आता दिसतंय,’ ते बुरुलला म्हणाले. ‘आता शंकाच नाही.’

‘आता काय करायचं?’

‘आता वेळ गेली, एजे. ती गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ असते ना, ती. आणि फोटोशिवाय ते देताही येत नाही.’ त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ‘त्या दिवशी कळायला हवं होतं.’

‘त्या दिवशी आम्ही आलो होतो.’

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते पुन्हा वाकले आणि शायलोबेकच्या कानाशी, लहान मुलाला विचारावं तसं, म्हणाले, ‘बायके, खरं सांगा. मी रागावणार नाही. सापारअलीकडे तुमच्या बाटलीत काय होतं? पाणी होतं का?’

शायलोबेकला प्रश्न कळला. हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. त्याने डाव्या हाताने पलंगाची कड पकडली आणि तो शब्द शोधायला लागला. छोटा शब्द. सगळ्यात सोपा. पण आतमध्ये सगळ्या शब्दांची घरं रिकामी होती, दारं उघडी, आत कोणी नाही. शोधता शोधता त्याला एकच शब्द सापडला, जो इतक्या वेळा वापरला होता की तो मेंदूत नव्हे, जिभेतच राहायला गेला असावा. तो अख्खा, स्वच्छ, एकही अक्षर न घसरता बाहेर आला.

‘तळापर्यंत,’ शायलोबेक म्हणाला.

डॉक्टर तालायबेकनी सुस्कारा टाकला. त्या सुस्काऱ्यात सुटका होती. त्यांनी बुरुलच्या खांद्यावर हात ठेवला.

‘तेच म्हणत होतो मी,’ ते हळूच म्हणाले.

शायलोबेकने मान जोरजोराने हलवायचा प्रयत्न केला. ती एकाच बाजूला हलली. ‘तळापर्यंत,’ तो म्हणाला, ‘तळापर्यंत, तळापर्यंत,’ आणि दारात जमलेल्या लोकांतून कोणीतरी, सवयीने, कौतुकाने हसलं.

बुरुलने पिशवीतून त्याच्या चपला काढल्या आणि पलंगाखाली ठेवल्या. डावी आधी, मग उजवी.